नजरेची उमेदवारी

गावात एखादा नवा शब्द येतो तो पाहुण्यासारखा येतो. आधी ओसरीवर टेकतो, दोन दिवस सगळे त्याच्याकडे कुतूहलाने पाहतात, आणि मग तो माजघरात केव्हा शिरला ते कुणाला कळतही नाही. आमच्या धसईने असे पुष्कळ शब्द पचवले आहेत. २०१६ सालच्या डिसेंबरात राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून आमचे नाव वर्तमानपत्रांत झळकले, तेव्हा ‘कॅशलेस’ हा शब्द वडापावच्या गाडीपासून भाताच्या गिरणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. मुंबईहून माणसे येत, यंत्रात कार्ड घासून पाहत, छायाचित्रे काढत आणि परत जात. पुढे माणसे यायची थांबली, उत्साहही ओसरला. शब्द मात्र राहिला. खिशात दमडी नसलेला माणूस आमच्याकडे अजूनही “आज आपण कॅशलेस” असे सांगून ऐटीत उधारीचा चहा पितो.

दोन वर्षांपूर्वी असाच एक शब्द आमच्या घरात आला. माझ्या पुतणीने तो पुण्याहून आणला. तिला नुकतीच पीएच.डी. मिळाली होती. घरात पेढे वाटून झाले होते, आणि आता पोरगी कुठेतरी प्रोफेसर होणार या आनंदात आम्ही सारे होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “आता पोस्टडॉक करायचंय.” शेजारचे आप्पा ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते. त्यांची सारी हयात टपाल खात्यात गेलेली. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, “पोस्ट म्हणजे डाक, आणि डाक म्हणजे पोस्ट. मग एकच काम दोनदा कशाला करायचं, बाय?”

आप्पांची शंका अगदीच वावगी नव्हती. पीएच.डी. म्हणजे शिक्षणाची शेवटची पायरी, अशी आमची समजूत. शेवटच्या पायरीनंतर माणूस माडीवर पोचायला हवा. तिथे पोचल्यावर पुन्हा जिनाच दिसतो म्हणजे काय?

मग तिने समजावून सांगितले, आणि माझ्या जुन्या मास्तरी डोक्यात एक जुनाच शब्द उजेडला: उमेदवारी! अहो, ही तर आपल्याकडची पूर्वापार चाल. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा मारायला शिकतो. पण हात खरा बसतो तो दोन वर्षे दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडे काढल्यावर. पोस्टडॉक ही संशोधकाची उमेदवारी. पदवी हातात आहे, काम येते आहे. पण स्वतःची प्रयोगशाळा अजून नाही. म्हणून एखाद्या मोठ्या संशोधकाकडे दोन-तीन वर्षे राहायचे, पगार घ्यायचा, आणि नवे काहीतरी शोधून दाखवायचे. धड विद्यार्थी नाही, धड मास्तर नाही. लग्न जुळवणाऱ्या मंडळींची तर फारच पंचाईत होते. “मुलगी काय करते?” “डॉक्टर आहे.” “दवाखाना कुठे?” इथे संभाषण खुंटते.

तिच्या विषयाचे नाव उच्चारून पुरे होईपर्यंत धसईहून सुटलेली एस.टी. मुरबाडला पोचावी, इतके ते लांब आहे: संगणकीय दृष्टि-मेंदूविज्ञान. मी त्याला आपला ‘नजरेचे गणित’ म्हणतो. डोळ्यांवर पडलेल्या उजेडातून मेंदू हे सारे जग कसे मांडतो, ते गणिताने आणि संगणकाने शोधायचे. पुतणी मूळची पदार्थविज्ञानाची. या विषयात अशी परक्या आळीतली माणसे पुष्कळ आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेत चेतापेशींच्या सांध्यांचे गणित मांडणाऱ्या सुहिता नाडकर्णी याही पदार्थविज्ञानाकडूनच मेंदूकडे आलेल्या.

“पण दिसण्यात गणित कसलं?” माझ्या थोरल्या भावाने विचारले. आम्ही त्याला दादा म्हणतो. चार बुके शिकून शेतीला लागलेला माणूस. पण प्रश्न नेमका घालतो. “डोळे उघडले की दिसतं. आकडे मोजावे लागतात ते बाजारात.”

वास्तविक आकड्यांचे आमच्या मुलखाला वावडे नाही. मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून गेले की माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. तिथल्या ब्राह्मी लेखात यज्ञांच्या वेळी दिलेल्या दक्षिणेचा हिशेब कोरलेला आहे: गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते आकडे भारतातल्या अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांत गणले जातात. पण तो हिशेब दानाचा. डोळ्याचा हिशेब काटकसरीचा असतो.

पुतणीने सांगितलेले आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. आपल्या एकेका डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास. आणि तिथून मेंदूकडे निघणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरीत धागे मात्र दहा लाखांच्या घरातले. बारा कोटींचे गाऱ्हाणे दहा लाखांनी सांगायचे! हे व्हावे कसे?

इथे आप्पांच्या टपाल खात्याचा उपयोग झाला. जुनी कार्डे आठवा. “इकडील सर्व क्षेम” या तीन शब्दांत घर, गोठा, म्हातारी, शेत सारे आले. जे नेहमीसारखे आहे ते लिहायचे नाही. लिहायचे ते एवढेच: ‘तांबडी गाय व्याली, पाडी झाली.’ डोळाही हेच करतो. शेजारच्या पेशींवरून जे ताडता येते ते तो कळवीत नाही. अंदाजापेक्षा वेगळे असेल तेवढेच कळवतो. ही कल्पना १९८२ साली नेमक्या गणितात मांडणाऱ्या तिघा संशोधकांत आपले मंड्यम श्रीनिवासन होते. बंगळूरला विद्युत-अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस पुढे ऑस्ट्रेलियात कीटकांची नजर अभ्यासू लागला. या तिघांनी आपले गणित माशीच्या डोळ्यावरच्या मोजमापांशी ताडून पाहिले, आणि ते जुळले. माशीसुद्धा कार्डच लिहिते म्हणायची! आप्पा त्या दिवशी फार खुशीत होते. एकंदरीत देवानेही टपाल खर्चाचा विचार केला आहे, असे ते म्हणाले.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत डेव्हिड मार हे नाव पुतणी फार आदराने घेते. केंब्रिजला गणित शिकलेला हा इंग्रज तरुण अमेरिकेत एम.आय.टी.ला पाहुणा म्हणून गेला आणि तिथलाच झाला. १९८० साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. दृष्टीवरचे त्याचे पुस्तक १९८२ साली, त्याच्या पश्चात निघाले. त्याचे सांगणे असे, की कुठलेही हिशेबी यंत्र समजून घ्यायचे तर तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. मी ते आमच्या भाताच्या गिरणीवर बसवून पाहिले. गिरणी करते काय? तूस काढून तांदूळ देते. कोणत्या रीतीने करते? आधी भरडणे, मग पाखडणे, मग चाळणे. आणि कशाने करते? पट्टा, मोटर, रबरी रूळ यांनी. नुसता पट्टा आणि मोटर पाहत बसलेल्याला तांदूळ कळणार नाही. मेंदूचेही तसेच. नुसत्या पेशी न्याहाळून भागत नाही. त्या कोणते कोडे सोडवीत आहेत तेही विचारावे लागते.

आता उमेदवारीने काय साधते, याची गोष्ट सांगतो. १९५८ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, स्टीफन कफलर यांच्या प्रयोगशाळेत दोन उमेदवार एकत्र आले. टॉर्स्टन वीझेल स्वीडनहून आलेला, डेव्हिड ह्यूबेल कॅनडात वाढलेला. ह्यूबेलला खरे तर दुसऱ्याच विभागात जायचे होते. तिथे डागडुजी चालू होती, म्हणून तो तात्पुरता इथे टेकला. दोघे मिळून मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे बोलणे तारेने ऐकत. काचपट्टीवर काळा ठिपका काढून तो मांजराला दाखवीत. पेशी मुकीच राही. तासन्‌तास असे चालले. एकदा काचपट्टी सरकवताना पेशी एकाएकी तडतडू लागली. ठिपक्याशी तिचे काही देणेघेणेच नव्हते. काचेच्या कडेची जी पुसट रेघ पडद्यावरून सरकत होती, तिला ती ओ देत होती! मेंदूतल्या काही पेशी विशिष्ट कलाच्या रेघाच तेवढ्या ओळखतात, हे तेव्हा उमगले. तात्पुरती म्हणून जमलेली ही जोडी दोन दशके टिकली, आणि १९८१ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. डागडुजी वेळेवर आटोपली असती तर काय झाले असते, हा विचार सार्वजनिक बांधकामे रेंगाळताना पाहिली की मला थोडा दिलासा देतो.

इथवर सारे गमतीचे चालले होते. पुढची गोष्ट दादाच्या डोळ्यांची.

त्या वर्षी भात झोडणीच्या दिवसांत दादा दारे-चौकटींना धडकू लागला. डावा खांदा नेहमी सुजलेला. अंगणातली बादली त्याने दोनदा लाथाडली. वहिनी म्हणे, “लक्ष कुठे असतं?” दादा म्हणे, “बादली मध्ये ठेवता कशाला?” पुतणी सुटीवर आली होती. तिने एक दिवस त्याच्यासमोर बसून दोन्ही हातांची बोटे बाजूला धरून हलवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मीही बरोबर होतो.

तिथे एक तपासणी असते. एका गोल घुमटीत तोंड घालून बसायचे, मधल्या दिव्यावर नजर ठेवायची, आणि आजूबाजूला बारीक उजेड लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. दादा बाहेर आला तो विजयी मुद्रेने. “एक सोडला नाही,” म्हणाला. कागद आला तेव्हा त्यावर दोन्ही डोळ्यांच्या कडेला काळे डाग होते. डाव्या अंगाला तर मोठेच. काचबिंदू. डोळ्यातला दाब मज्जातंतूंची ती दहा लाख धाग्यांची दोरी हळूहळू झिजवीत होता. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची.

दादा कागद उलटासुलटा करून पाहत राहिला. “मला तर कुठे काळं दिसत नाही,” तो म्हणाला. “सगळं भरलेलं दिसतं.”

हेच त्या दुखण्याचे कपट. आणि योगायोग असा, की आमच्या पुतणीचे सारे काम याच गोष्टीवर: न दिसणारी जागा मेंदू कशी भरून काढतो.

वाचकहो, प्रत्येकाच्या डोळ्यात अशी एक आंधळी जागा जन्मतःच असते. सतराव्या शतकात मारियोत नावाच्या फ्रेंच गृहस्थाने ती शोधली. मज्जातंतूंची दोरी डोळ्यातून जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणारी पेशीच नाही. खरे वाटत नसेल तर फराळाचे ताट बाजूला ठेवून करून पाहा. पांढऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा, आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक लहानशी पणती. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच पाहत कागद साधारण तीस सेंटिमीटरवर धरा, आणि किंचित जवळ-लांब करा. एका ठिकाणी पणती नाहीशी होईल. तिच्या जागी भोक दिसणार नाही. पांढरा कागदच दिसेल. तो कागद तिथे तुमच्या मेंदूने पसरला आहे.

मेंदू हा असा घरंदाज आहे. पाहुण्यांसमोर भिंतीचा पोपडा दिसू नये म्हणून तिथे कॅलेंडर लावणारा. रांगोळीत आपण चार ठिपके घालतो आणि त्यांच्यातला चौकोन रेघ ओढण्याआधीच पाहतो, तो त्याच्याच जिवावर. कानिझा नावाच्या इटालियन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली याची एक सुरेख आकृती दिली. तीन काळ्या भाकऱ्या, प्रत्येकीची एक फाक कापलेली, आणि कापलेल्या तोंडांनी समोरासमोर मांडलेल्या. मध्ये कुणीही न काढलेला पांढराशुभ्र त्रिकोण दिसतो. १९८४ साली झुरिकच्या संशोधकांना माकडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की ज्या नसलेल्या रेघेलाही असलेल्या रेघेसारखीच ओ देतात. म्हणजे ही नुसती कल्पना नव्हे; तिची मेंदूत रीतसर नोंद होते.

दादाने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे जे दिसत नाही, ते दिसत नाही हेच दिसत नाही.” मास्तर म्हणून मी पस्तीस वर्षे वाक्यांचे पृथक्करण शिकवले, इतके नेटके मिश्रवाक्य माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने लिहिले नाही.

जाता जाता सांगतो: काचबिंदू असलेल्याच्या सख्ख्या भावंडांना त्याचा धोका अधिक असतो. मी त्याच आठवड्यात घुमटीत तोंड घालून आलो. घरात कुणाला हे दुखणे असेल, किंवा चाळिशी उलटली असेल, तर आपणही दिवाळीच्या खरेदीबरोबर तेवढे एक काम उरकून घ्यावे.

पुतणीपुढे तेव्हा दोन वाटा होत्या. एक बंगळूरची, दोन वर्षांची. दुसरी जर्मनीतली, तीन वर्षांची. आपल्याकडे या विषयाला आता जागा नाही असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मेंदूविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. तिथल्या एस. पी. अरुण यांच्या दृष्टि-प्रयोगशाळेने तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांची तुलना करून, लिपी शिकल्याने नजर कशी बदलते ते २०१९ साली दाखवले. केंद्र सरकारची दोन वर्षांची राष्ट्रीय पोस्टडॉक छात्रवृत्ती आहे. सरकार आणि इंग्लंडचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ साली काढलेली इंडिया अलायन्स ही संस्था आहे. पण जर्मनीतले काम नेमके तिच्या प्रश्नावरचे होते: डोळ्याचा पडदा झिजू लागला की मेंदूचे भरून काढण्याचे गणित कसे बदलते.

तिने एका रात्री जेवताना जाहीर केले की ती बंगळूरला जाणार. कारण सांगितले नाही; पण तिचे लक्ष दादाच्या ताटाकडे होते. डाव्या बाजूची चटणी तशीच राहिली होती.

वहिनीला ते पसंत होते. तिची भीती सरळ होती. बाहेर गेलेली पोर परत येते का? मी तिला शुभा टोळे यांचे उदाहरण दिले. मुंबईतल्या या बाईंनी अमेरिकेत पीएच.डी. केली, शिकागोला उमेदवारी केली, आणि १९९९ साली त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. मेंदूची जडणघडण कशी होते यावरच्या त्यांच्या कामाला २०१४ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. वहिनी म्हणाली, “एक आली म्हणून सगळ्या येतात का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सगळ्या येत नाहीत. आणि येणाऱ्यांनाही जागा मिळतेच असे नाही. ही उमेदवारी संपली की पुढे नोकरी आहेच, असा करार कुणी लिहून देत नाही. करार संपत आला की नवा अर्ज. वय वाढते, बिऱ्हाड हलत राहते. हे सारे पोरीला माहीत होते. आम्हालाही माहीत असायला हवे होते, म्हणून तिने ते एक-एक करून सांगितले.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग हात धुऊन येऊन बसला. “बाय,” म्हणाला, “तू माझ्यासाठी थांबतेस ना?”

ती म्हणाली, “तसं नाही, बाबा.”

“मग कसं? थेंब दोन वेळा घालायचे. तुझी आई घालते. डोळ्यांत थेंब घालायला पीएच.डी. लागत नाही. माझं गेलं ते तू इथं राहून येणार आहे का?”

“नाही.”

“तिकडं जाऊन येईल?”

“तुमचं नाही येणार,” ती म्हणाली. घरात कधी कुणी खोटी आशा लावत नाही, ही आमच्याकडची रीत तिने पाळली. “पुढच्या कुणाचं वेळेवर ध्यानात येईल, कदाचित. मेंदू कुठे भरून काढतोय ते आधी ओळखता आलं तर.”

“मग जा,” दादा म्हणाला. “मला कुणी सांगितलं नाही म्हणून खांदा सुजेपर्यंत कळलं नाही. दुसऱ्याला कळू दे.” आणि उठून गोठ्यात गेला. जाताना चौकट लागेल म्हणून ती अर्धी उठली होती. त्याने मान डावीकडे वळवली, चौकट पाहिली, आणि नीट गेला. ती पुन्हा खाली बसली. वहिनी कितीतरी वेळ तेच ताट पुसत होती.

ती मान वळवणे मात्र माझ्या मनात राहिले. डॉक्टरांनीच त्याला ते शिकवले होते: नजर जिथे नाही तिथे मान न्यायची. त्यावर विचार करताना पुतणीने सांगितलेल्या कितीतरी गोष्टी एका दोरीत ओवल्या गेल्या. बेडकाचे पाहा. आमच्या खाचरांत पावसाळ्यात त्यांचे राज्य असते. मेलेल्या माश्यांच्या राशीत बसूनही बेडूक उपाशी राहील, कारण हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही. आपण हसू; पण आपली गत फार वेगळी नाही. १९५० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी डोळ्यावर बसवलेल्या भिंगाच्या युक्तीने चित्र डोळ्याबरोबरच हलेल, म्हणजे पडद्यावर अगदी स्थिर राहील, अशी सोय केली. काही क्षणांत ते चित्र विरून गेले! आपला डोळा सतत बारीक थरथरत असतो, म्हणून जग दिसते. तो थांबला की उघड्या डोळ्यांनी अंधार.

पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पाचेही तेच. एम.आय.टी.तले हे दिल्लीकर प्राध्यापक उत्तर भारतातल्या जन्मांध मुलांवर उपचार करवतात, आणि नवी दृष्टी आलेली मुले पाहायला कशी शिकतात ते अभ्यासतात. १६८८ साली मॉलिन्यू या आयरिश गृहस्थाने विचारले होते, की हाताने ओळखीचा असलेला आकार जन्मांधाला दृष्टी येताच नुसत्या नजरेने ओळखता येईल का? त्याचे उत्तर २०११ साली या मुलांनी दिले: लगेच नाही, पण थोड्याच दिवसांत येऊ लागते. आणि त्यांच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक आवडली. या मुलांना स्थिर चित्रातल्या वस्तू एकमेकींपासून सुट्या करता येत नसत. पण तीच वस्तू हलू लागली की ती त्यांना वेगळी दिसे.

तात्पर्य काय, तर पाहणे म्हणजे हलणे. एका जागी स्थिरावलेल्या नजरेला आपली उणीव दिसत नाही, कारण मन ती इमानेइतबारे भरून काढते. विद्वानांचेही असेच होत असावे. एकाच गुरूकडे, एकाच गावात, एकाच पद्धतीने काम करणाऱ्याला आपल्या ज्ञानातले भोक दिसत नाही. तिथे सवयीचा पांढरा कागद पसरलेला असतो. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या पोस्टडॉक छात्रवृत्तीची अटच अशी, की उमेदवाराने दुसऱ्या देशात जावे आणि पूर्वीपेक्षा नवा विषय धरावा. प्रथम ऐकले तेव्हा मला ही अट तऱ्हेवाईक वाटली. दादाला चौकटीतून जाताना पाहिल्यावर तिचा अर्थ कळला.

पुतणी जर्मनीला जाऊन आता वर्ष झाले. घरच्या माणसाच्या दूर जाण्याने घरातही एक आंधळी जागा तयार होते, आणि मन तीही भरून काढते. वहिनीच्या मनात पोर अजून दोन वेण्या घालून शाळेत जाते, म्हणून ती फोनवर “वेळेवर जेवतेस ना?” एवढेच विचारते. मी मात्र तिला मुद्दाम वेगळे प्रश्न विचारतो. या महिन्यात काय चुकले? कुणाशी वाद झाला? कोणता नवा शब्द शिकलीस? मग कळते की तिचे एक गणित चार महिन्यांनी फसले आणि ते पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतले आहे. थंडीत तिला घराची आठवण येते, पण ती बोलून दाखवत नाही. आणि तिथल्या इतर उमेदवारांना ती आता आपल्या कामाची वाट दाखवू लागली आहे. ही पोर आमच्या मनातल्या पोरीपेक्षा निराळी आहे. तिच्याशी नव्याने ओळख करून घेण्यात मोठी मजा आहे.

यंदा पाऊस चांगला झाला. दिवाळीपर्यंत हळवे भात कापून होईल. दादा रोज सकाळी थेंब घालून घेतो आणि खाचराकडे निघतो. बांध अरुंद आहे, डावीकडे पाण्याचा चर आहे. मी मागून चालतो, पण हात धरीत नाही. त्याला ते खपत नाही. दर चार पावलांवर तो मान डावीकडे वळवतो, चर पाहून घेतो, आणि पुढचे पाऊल टाकतो.